राउटर टेबल: काय विकत घ्यावे आणि काय स्वतः बनवावे

राउटर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बिटाने (कापणाऱ्या पात्याने) लाकडात खोबण किंवा गोलाई पाडणारे विजेचे यंत्र, हातात धरून लाकडावर फिरवण्याऐवजी ते टेबलाखाली उलटे टांगायचे, बिटाचे टोक वर काढायचे आणि लाकूडच त्याच्यावरून सरकवायचे, या मांडणीला राउटर टेबल म्हणतात. शटरच्या पट्ट्यांना पॅनेलसाठी खोबण पाडणे, फ्रेमला मागून काचेसाठी रिबेट (कडेची पायरी) काढणे, बीडिंगच्या बारीक पट्ट्यांना गोलाई देणे, ही कामे हातातल्या राउटरने करताना पट्टी पकडायची कुठे आणि मशीन टेकवायचे कुठे हाच प्रश्न पडतो. टेबलावर तीच कामे दोन्ही हात मोकळे ठेवून आणि एकसारखी होतात. म्हणूनच बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ज्यांच्याकडे राउटर आला आहे, त्यांच्याकडून थोड्याच महिन्यांत एक प्रश्न हमखास येतो, तो म्हणजे टेबल तयार घ्यावे की स्वतः बांधावे.

या प्रश्नाला मी आता एका शब्दात उत्तर देत नाही, कारण राउटर टेबल ही एक वस्तू नसून चार वस्तूंची जुळणी आहे: वरचा पाट, त्या पाटात बसणारी आणि राउटर धरून ठेवणारी प्लेट, लाकूड टेकवून सरकवण्यासाठीची उभी फेन्स आणि खालचे स्टँड. यातील प्रत्येक भागाचा निर्णय वेगळा घेतला, तर पैसेही वाचतात आणि कामही चोख होते. माझे मत असे आहे, की पाट, फेन्स आणि स्टँड हे लाकडाचे भाग सुताराने स्वतः बनवावेत, आणि प्लेट मात्र मशीनवर करून घ्यावी किंवा तयार आणावी. बेळगावात राहणाऱ्याला हे सांगताना मला जास्त बळ येते, कारण उद्यमबागेसारखी लेथ, मिलिंग आणि फाउंड्रीच्या कामाची वसाहत ज्या शहरात आहे, तिथे धातूची एक चौकोनी प्लेट करून घेण्यासाठी परगावच्या दुकानाची वाट पाहावी लागत नाही.

आधी टेबल खरोखर हवे का, ते पाहा

आपल्याकडच्या सुतारकामात दारांच्या चौकटींचा वाटा मोठा आहे. पाच बाय तीन इंची सागवानी चौकटीचा सात फुटी उभा वासा बारा-तेरा किलोंचा भरतो. असा वासा टेबलावर चढवून बिटावरून तोलत नेण्यापेक्षा तो घोड्यांवर पक्का बांधून हातातला राउटर त्याच्यावरून नेणे सोपेही असते आणि सुरक्षितही. टेबलाचा खरा उपयोग अरुंद, लहान आणि संख्येने जास्त असलेल्या तुकड्यांना होतो. तुमच्या वर्षभराच्या कामात अशा तुकड्यांचे प्रमाण किती आहे, हे आधी प्रामाणिकपणे मोजावे. एखाद्याच घरासाठी दोनशे रनिंग फूट मोल्डिंग हवे असेल आणि पुढे तसे काम दिसत नसेल, तर स्पिंडल मोल्डर असलेल्या कारखान्यात ते जॉबवर्कने काढून आणावे. त्यासाठी टेबल घेऊही नये आणि बांधूही नये.

गरज आहे की नाही याची खात्री नसेल, तर एका दिवसात होणारे कच्चे टेबल बनवून महिनाभर वापरून पाहण्याचा सल्ला मी देतो. 18 मिमी प्लायचा 600 बाय 400 मिमीचा तुकडा घ्यावा. त्याच्या मध्यभागी खालच्या बाजूने राउटरच्या तळाएवढी खाच पाडून तिथली जाडी 9 मिमीपर्यंत उतरवावी, कारण पूर्ण 18 मिमी जाडीखाली राउटर बसवला तर बिटाची तेवढी उंची वाया जाते. बिटासाठी भोक पाडून राउटरचा प्लॅस्टिकचा तळ काढावा आणि त्याच्याच स्क्रूच्या जागी थोडे लांब स्क्रू घालून राउटर थेट प्लायला आवळावा. दोन शिकंजांनी हा पाट कामाच्या बाकाच्या कडेला धरावा आणि सरळ रंधलेली एक पट्टी फेन्स म्हणून बांधावी. या पाटावर काम करताना जी अडचण येईल ती वहीत लिहीत जावी: उंची बदलताना वाकावे लागले, भुसा तोंडावर आला, फेन्स निसटली, लांब पट्टी शेवटी खाली झुकली. महिन्याने ती वही उघडली की आपल्याला कशावर पैसे घालायचे आहेत ते आपोआप कळते. ज्याच्या वहीत दोनच ओळी भरल्या, त्याला त्या कच्च्या पाटावरच आणखी दोन वर्षे काढता येतील.

राउटर कोणता आहे, यावर टेबल ठरते

टेबलाचा विचार राउटरपासून सुरू व्हायला हवा. आपल्या भागात बहुतेकांकडे आधी ट्रिमर येतो, म्हणजे 500 ते 700 वॅटचा, दोन सूत दांडीची बिटे घेणारा लहान राउटर. सनमायकाची कड कापणे, लहान गोलाई देणे, 6 मिमीची उथळ खोबण पाडणे एवढ्यासाठी तो टेबलाखालीही चांगला चालतो. पण त्याच्यासाठी मोठे, महागडे टेबल घेण्यात अर्थ नाही. दिल्याच्या दरवाजाचे पॅनेल उतरते करण्याची मोठी बिटे लावायची असतील, तर चार सूत दांडीची बिटे घेणारा, वेग कमी-जास्त करता येणारा, 1600 वॅटच्या पुढचा राउटर हवा. असा राउटर पाच-सहा किलोंचा असतो आणि तो रात्रंदिवस प्लेटला लटकलेला राहणार आहे, हे पाटाची आणि प्लेटची जाडी ठरवताना लक्षात ठेवावे.

इथे एका गोष्टीबाबत कळकळीने सांगतो. चार सूत म्हणजे 12.7 मिमी आणि बाजारात 12 मिमी दांडीची बिटेही मिळतात. दोन सूत म्हणजे 6.35 मिमी आणि 6 मिमीचीही बिटे असतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण 12 मिमीची दांडी 12.7 मिमीच्या कोलेटात (दांडी धरणाऱ्या पकडीत) कधीच पक्की धरली जात नाही, आणि मिनिटाला वीस हजार फेऱ्यांनी फिरणारे बिट सुटून वर आले तर काय होईल, याची कल्पना कोणीही करू शकतो. बिट घेताना दांडी कॅलिपरने मोजून घ्यावी आणि कोलेटावर कोरलेला आकडा वाचावा. परदेशातल्या नातेवाइकाने राउटर आणून दिला असेल, तर तो 120 व्होल्टचा नाही ना, हेही पाहावे. आपल्या 230 व्होल्टवर तो थेट लावला तर जळतो.

पाट: स्वतःच करा, पण पावसाळा धरून करा

बेळगाव जिल्ह्याचे हवामान एकसारखे नाही. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल सुटते, तर अथणी-रायबागकडे उन्हाळ्यात लाकूड सुकून तडकते. पाटाला दोन्हीकडे त्रास होतो. माझा पहिला पाट मी 12 मिमी कमर्शियल प्लायचा केला होता आणि वरच्याच बाजूला सनमायका लावला होता. तो मे महिन्यात अगदी सपाट होता. ऑगस्टमध्ये एका स्वयंपाकघराच्या शटरच्या पट्ट्यांना खोबण पाडायला घेतली, तेव्हा पट्टीच्या दोन टोकांना खोबणीची खोली वेगवेगळी येऊ लागली. स्टीलची पट्टी आडवी ठेवून पाहिले तर मध्यभागी 2 मिमी झोळ पडला होता. वरची बाजू सनमायकाने बंद होती, खालच्या उघड्या बाजूने ओल घेतली होती आणि राउटरचे वजन त्याच जागी खाली ओढत होते. गणपतीच्या आधी द्यायचे काम होते. अकरा शटरच्या पट्ट्या पुन्हा काढाव्या लागल्या आणि त्यात चांगले सागवान वाया गेले.

तेव्हापासून पाटाची माझी रीत ठरलेली आहे. 18 मिमी एमडीएफच्या (दाबलेल्या लाकूडतंतूंच्या फळीच्या) दोन थरांचा, एकूण 36 मिमी जाडीचा आणि 800 बाय 600 मिमीचा पाट करावा. आठ बाय चार फुटी शीटचा पहिला काप 800 मिमीवर घेतला की निघणारा तुकडा मध्ये कापून दोन्ही थर मिळतात, आणि उरलेल्या शीटमधून फेन्स, स्टँडच्या बाजू आणि एक-दोन खण निघतात. दोन्ही थरांमध्ये फेविकॉल सगळीकडे सारखा पसरावा आणि ते दाबून धरताना खाली जो पृष्ठभाग आहे तो सपाट असल्याची खात्री करावी, कारण ज्या आकारात गोंद वाळेल त्या आकारात पाट कायमचा राहतो. गोंद वाळल्यावर वर आणि खाली, दोन्ही बाजूंना एकाच जाडीचा सनमायका लावावा, चारही कडांना लाकडी पट्टी चिकटवावी आणि जिथे जिथे एमडीएफ उघडा दिसतो, विशेषतः प्लेटच्या खाचेच्या आत, तिथे वॉर्निश किंवा पॉलिशचे दोन हात द्यावेत. एवढा पाट बारा-तेरा किलोंचा होतो आणि हे वजन उपयोगाचेच आहे, कारण त्याने थरथर कमी होते. खाली मध्यभागाच्या दोन्ही बाजूंना रंधून सरळ केलेले सागवानाचे किंवा मत्तीचे आडवे दांडे उभ्या कडेवर बसवले, म्हणजे झोळ पडण्याची भीती उरत नाही. खानापूरच्या पश्चिमेला राहणाऱ्यांनी एमडीएफऐवजी चांगल्या प्रतीचा जलरोधक प्लाय घ्यावा. मात्र दुकानातच शीट उभी धरून, एका डोळ्याने कडेकडेने पाहून, मुरड नसलेली निवडावी.

काही जण ओट्याच्या सिंकमधून निघालेला ग्रॅनाइटचा तुकडा पाट म्हणून वापरावा का, असे विचारतात. तो सपाट असतो, पावसाने बदलत नाही, हे खरे. परंतु प्लेट बसवण्यासाठी त्यात नेमक्या खोलीची पायरी काढणे घरच्या साधनांनी होत नाही आणि फेन्ससाठी नंतर एखादे भोक पाडावेसे वाटले तरी अडून बसावे लागते. मी त्या वाटेला जाऊ नका असेच सांगेन.

मायटर गेजसाठी (लाकूड ठरावीक कोनात धरून सरकवण्याच्या साधनासाठी) पाटात धातूची खोबण बसवण्याचा खर्च बहुतेकांनी टाळावा. बिट गोल असल्यामुळे फेन्स कोणत्याही कडेला समांतर असण्याची गरज नसते. बिटापासून तिचे अंतर तेवढे बरोबर हवे. पट्टीचे टोक आडवे कापायचे असेल, तेव्हा काटकोनात कापलेला एमडीएफचा तुकडा मागे धरून तो फेन्सला टेकवत पुढे नेला, तर काम सुबक होते आणि टोकाची चिरफळीही निघत नाही.

प्लेट: इथे काटकसर करू नका

सगळ्या टेबलाचा अचूकपणा प्लेटवर अवलंबून असतो. बाजारात मिळणाऱ्या तयार प्लेटा साधारण सव्वानऊ बाय पावणेबारा इंची असतात आणि त्यांच्याबरोबर वेगवेगळ्या भोकांच्या रिंगा येतात, म्हणजे लहान बिट लावल्यावर त्याच्याभोवतीची पोकळी लहान करता येते. तुमच्या राउटरच्या स्क्रूंची जागा त्या प्लेटवर आधीच पाडलेली असेल आणि किंमत परवडत असेल, तर तयार प्लेट घ्यावी. तसे नसेल तर करून घ्यावी.

करून घेताना काय होते, ते माझ्या अनुभवावरून सांगतो. मी कागदावर मापे काढून, तळाच्या स्क्रूंमधली अंतरे मिलिमीटरमध्ये लिहून उद्यमबागेत एका मिलिंगवाल्याकडे गेलो होतो. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “अण्णा, कागद राहू दे, तुमचं मशीनच घेऊन या की.” दुसऱ्या दिवशी राउटरचा प्लॅस्टिकचा तळ सोडवून नेला. त्यांनी तो अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटवर ठेवला, मधल्या भोकात लेथवर कातलेला गोल ठोकळा बसवून दोन्हींचे केंद्र जुळवले आणि मगच स्क्रूंच्या जागी खुणा केल्या. माझ्या कागदावरच्या मापात आणि त्या खुणांमध्ये एका ठिकाणी पाऊण मिलिमीटरचा फरक निघाला. प्लेट तयार झाल्यावर त्यांनी ती अगदी सपाट अशा सरफेस प्लेटवर ठेवून चारही कोपऱ्यांखाली फट मोजणाऱ्या फीलर गेजची पाती घालून पाहिली; सर्वांत पातळ पातीसुद्धा आत गेली नाही, तेव्हाच ती माझ्या हातात दिली. या वसाहतीत मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही भाषा चालतात, पण अचूक काम हवे असेल तर प्रत्यक्ष वस्तू नेणे हेच उत्तम.

प्लेटचे साहित्य निवडताना ट्रिमरसाठी 6 मिमी आणि मोठ्या राउटरसाठी 8 ते 10 मिमी जाडीचा अ‍ॅल्युमिनियम घ्यावा. लोखंडी प्लेट कमी जाडीची चालते, परंतु पावसाळ्यात तिला गंज चढतो आणि त्याचे डाग लाकडावर उतरतात. साधा अ‍ॅल्युमिनियमही फिकट लाकडावर करडी रेघ ओढतो, म्हणून त्याच्यावर अ‍ॅनोडायझिंग करून घ्यावे किंवा मेण घासून पुसत राहावे. विजेच्या पॅनेलसाठी वापरतात ती हायलमची 10-12 मिमी शीट हा मला फार आवडलेला पर्याय आहे: ती गंजत नाही, डाग पाडत नाही आणि सुताराच्या हत्यारांनीही कापली जाते. अ‍ॅक्रिलिक मात्र घेऊ नये. ते वजनाने हळूहळू झुकते आणि स्क्रूच्या भोकापाशी तडकते.

सांगायला विसरू नये अशा दोन गोष्टी आहेत. पहिली अशी, की प्लेटच्या चार कोपऱ्यांना तुमच्या खाच पाडण्याच्या बिटाच्या निम्म्या व्यासाइतकी गोलाई द्यायला सांगावी, 12.7 मिमीचे बेअरिंगचे बिट असेल तर गोलाई 6.35 मिमी, म्हणजे खाचेचे कोपरे पटाशीने कोरत बसावे लागत नाही. दुसरी अशी, की कोपऱ्यांपाशी बारीक आटे पाडून चार बिनडोक्याचे स्क्रू बसवून घ्यावेत, म्हणजे प्लेट वरून किल्लीने उचलून पाटाशी नेमकी एकसंध करता येते. प्लेट खाली राहिली तर पट्टी पुढच्या काठाला अडते आणि वर राहिली तर अलीकडच्या काठाला अडते. दोन्ही वेळा बिटापाशी धक्का बसून काप बिघडतो.

पाटात खाच पाडताना प्लेट जागेवर ठेवावी, तिच्या चारही बाजूंना घट्ट टेकवून सरळ पट्ट्या दुपदरी चिकटपट्टीने बसवाव्यात, प्लेट उचलावी आणि त्या पट्ट्यांना बेअरिंग लावून बिट फिरवावे. प्लेटच्या जाडीपेक्षा अर्धा-पाऊण मिलिमीटर जास्त खोल जावे, कारण उरलेली उंची स्क्रू भरून काढतात. कडेने 15 मिमी रुंदीची पायरी सोडून मगच मधला भाग जिगसॉने कापावा.

उंची बदलण्यासाठी तयार लिफ्ट मिळते आणि ती उत्तमच असते, पण ती राउटरइतकीच महाग पडू शकते. रोज चार-पाच वेळा बिट बदलणाऱ्यानेच तिचा विचार करावा. इतरांसाठी मोटारीचा कात्री-जॅक राउटरखाली स्टँडच्या तळफळीवर पक्का बसवला तरी काम भागते, आणि तोच जॅक राउटरचे वजनही तोलून धरतो. प्लंज राउटर (मोटर दाबून खाली उतरवण्याचा) असेल तर उलटा टांगल्यावर त्याची स्प्रिंग उंची वाढवताना विरोध करते; मशीनच्या माहितीपुस्तकात परवानगी असेल तर ती काढून जपून ठेवावी.

फेन्स आणि स्टँड

फेन्ससाठी बाहेर पैसे घालण्याचे कारण मला दिसत नाही. 18 मिमी एमडीएफच्या किंवा प्लायच्या दोन पट्ट्या काटकोनात जोडून, मागे त्रिकोणी आधार लावून, मध्ये बिटासाठी खिडकी ठेवावी. गुण्या पाटावर ठेवून फेन्सच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये प्रकाश दिसतो का ते पाहावे. खिडकीच्या मागे लहान पेटी करून तिला अडीच इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवला, की व्हॅक्यूमची नळी तिथे जोडता येते. समोरच्या बाजूला दोन सरकते तुकडे लावावेत, म्हणजे बिटानुसार खिडकी लहान-मोठी होते. डावीकडच्या तुकड्यामागे 1 मिमी सनमायकाची पट्टी सरकवली आणि बिटाची धार त्या पुढे आलेल्या तुकड्याशी समपातळीत आणली, तर हीच फेन्स फळीची कड सरळ करण्याचे काम करते. ज्यांच्याकडे जॉइंटर मशीन नाही, त्यांच्यासाठी एवढ्या एका सोयीसाठीसुद्धा टेबल बांधणे सार्थकी लागते.

स्टँड जड असावे आणि कामाची उंची 850 ते 900 मिमी ठेवावी. जागा कमी असेल तर बाकावर ठेवायचे 300-350 मिमी उंचीचे खोके पुरते, मात्र ते बाकाला शिकंजांनी धरलेच पाहिजे.

तयार टेबल कोणी घ्यावे

वर सांगितलेले सगळे करायला नवख्याला चार-पाच सुट्ट्या आणि सरावलेल्याला दोन-तीन दिवस लागतात. हातात मुदतीचे काम असेल, तर त्या दिवसांची आपली आणि मदतनिसाची मजुरी कागदावर मांडून तयार टेबलाच्या किमतीशी तुलना करावी. अनेकदा तयार टेबल स्वस्त पडते. साइटवर मशीन घेऊन फिरणाऱ्यानेही अ‍ॅल्युमिनियमचे घडीचे तयार टेबल घ्यावे, कारण 36 मिमीचा पाट दुसऱ्या मजल्यावर रोज चढवणे शक्य नाही. आणि ज्याच्याकडे पाट सरळ कापण्यासाठी टेबल-सॉ किंवा चांगली सर्क्युलर सॉ नाही, त्याने निदान पाट आणि प्लेट तरी तयार घ्यावी.

दुकानात जाताना आपला राउटर, स्टीलची लांब पट्टी आणि गुण्या बरोबर न्यावा. पट्टी पाटावर उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून मागून मोबाइलचा उजेड धरावा. प्लेटच्या आसपास फट दिसली तर ते टेबल सोडून द्यावे. राउटर प्रत्यक्ष बसवून पाहावा, बिट पुरेसे वर येते का आणि कोलेटाच्या नटला दोन्ही पाने लागतात का हे तपासावे. दाबून वाकवलेल्या पातळ पत्र्याची फेन्स हाताने ढकलली की लवते. तिच्यापेक्षा घरची एमडीएफची फेन्स कितीतरी चांगली. ऑनलाइन मागवताना परत पाठवण्याचा खर्च कोणाकडे आहे ते आधी वाचावे, कारण वीस किलोंचे खोके निपाणीहून किंवा खानापूरहून परत पाठवणे सोपे नसते. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरची बाजारपेठ जवळ आहे, तेव्हा त्यांनी वस्तू डोळ्यांनी पाहूनच घेतलेली बरी. दमट गावात बिडाचा पाट घेणाऱ्याने दर आठवड्याला तेल किंवा मेणाचा हात फिरवण्याची तयारी ठेवावी.

वीज, वेग आणि हात

टेबल विकत घेतले असो वा बांधले असो, काही गोष्टींत सवलत नाही. राउटरचे स्वतःचे बटण टेबलाखाली हाताला लागत नाही, म्हणून पुढच्या पायाला मोठ्या लाल बटणाचा स्विच लावावा, आणि तो वीज गेल्यावर आपोआप बंद राहणारा असावा. पावसाळ्यात वीज जाते आणि आपण बिटापाशी वाकलेले असताना परत येते. साधा स्विच चालू राहिलेला असेल तर राउटर त्याच क्षणी फिरू लागतो. 2100 वॅटचा राउटर 9 अँपिअरच्या आसपास वीज ओढतो, त्यामुळे त्याला 16 अँपिअरचा सॉकेट आणि 2.5 चौरस मिमीची वायर द्यावी, दिव्याच्या सॉकेटवरून बारीक एक्स्टेन्शन ओढू नये.

वेगाचा हिशेब बिटाच्या व्यासावर असतो. 25 मिमीपर्यंतच्या बिटाला 22,000 ते 24,000 फेरे चालतात, 50 मिमीपर्यंत 18,000, 65 मिमीपर्यंत 16,000 आणि त्याहून मोठ्या पॅनेल-बिटाला 10,000 ते 12,000. बिटावर यापेक्षा कमी आकडा कोरलेला असेल तर तोच पाळावा. 80 मिमीचे बिट 24,000 फेऱ्यांनी फिरवले, तर त्याच्या कडेचा वेग ताशी 360 किलोमीटर होतो. बिटाची दांडी कोलेटात तळाला टेकेपर्यंत घालावी आणि मग दोन-तीन मिलिमीटर वर ओढून आवळावी. सागवानात सिलिका असते, ती साध्या हाय-स्पीड स्टीलची धार लवकर मारते. म्हणून कार्बाइडची टोके असलेलीच बिटे घ्यावीत.

फेन्सकडे तोंड करून उभे राहिल्यावर लाकूड नेहमी उजवीकडून डावीकडे न्यावे. उलटे नेले तर बिट ते हातातून खेचून फेकते. लाकूड बिट आणि फेन्स यांच्या मधल्या फटीत कधीही घालू नये. बोटे बिटापासून एक वीतभर लांब राहावीत म्हणून ढकलण्याची काठी आणि दाब देणारी फणी-पट्टी टेबलाबरोबरच करून ठेवावी. एका फेरीत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खाऊ नये. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे आणि नाकाला चांगला मास्क रोजच हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या भुशाचा समावेश माणसाला कर्करोग होण्याच्या निश्चित कारणांत केला आहे, आणि एमडीएफची बारीक धूळ तर तासन् तास हवेत तरंगत राहते.

टेबल उभे राहिले की लगेच सागवान घेऊ नये. एमडीएफची दोन फुटी पट्टी घ्यावी, 3 मिमी खोलीची खोबण एका सलग ढकलीत पाडावी आणि दोन्ही टोकांना व मध्ये कॅलिपरच्या मागच्या काडीने खोली मोजावी. तिन्ही आकड्यांत 0.2 मिमीपेक्षा जास्त फरक आला, तर आधी प्लेटचे चार स्क्रू तपासावेत आणि मग पट्टी आडवी ठेवून पाट पाहावा. श्रावण लागला की हीच चाचणी पुन्हा करावी.